सगळ्यांकडे ॲडमिन आहे, आता क्लाउडचा ॲक्सेस आवरायचा कुठून?

निळा_सर्व्हर

नमस्कार मंडळी, जरा लांबलचक लिहितोय, सांभाळून घ्या. आमचं छोटं प्रॉडक्ट आहे, जवळपास सगळं एडब्ल्यूएसवर, म्हणजे ॲमेझॉनच्या क्लाउडवर, आणि रिपोर्टिंगचा डेटा गूगलच्या बिगक्वेरी या डेटा साठवायच्या आणि तपासायच्या सेवेत. मी हे काम नुकतंच अंगावर घेतलंय. आधी टीम एवढीशी होती तेव्हा जो येईल त्याला ॲडमिनिस्ट्रेटर ॲक्सेस द्यायचा, कोणाचं अडायला नको, असा कारभार होता आणि तो तसाच चालू राहिला. आता एका मोठ्या क्लायंटने विचारलंय की आमच्या डेटाला कोण कोण हात लावू शकतं त्याची यादी पाठवा. खरी यादी पाठवायची तर सगळ्या टीमची नावं लिहावी लागतील.

अडलंय तीन ठिकाणी. पहिलं म्हणजे सोडून गेलेल्या एका सहकाऱ्याच्या नावावरची ॲक्सेस की, म्हणजे स्क्रिप्टने लॉगिन करायची गुप्त किल्ली, अजून जिवंत आहे, कुठल्यातरी रात्रीच्या जॉबमध्ये ती वापरात आहे असं म्हणतात पण नक्की कुठे ते कोणालाच सांगता येत नाही, त्यामुळे काढायची हिंमत कोणी करत नाही. दुसरं, डेव्हलपरांचा ॲडमिन काढायचा विषय काढला की "मग डिप्लॉय कोण करणार" (नवीन कोड चालू सिस्टिमवर कोण चढवणार) हा प्रश्न येतो आणि मीटिंग तिथेच संपते. तिसरं असं की क्लायंटला त्यांच्या लोकांसाठी "फक्त बघणारे" आणि "बदल करणारे" असे वेगळे युजर हवेत, तर ते आयएएममध्येच (एडब्ल्यूएसच्या परवानग्यांच्या व्यवस्थेत) बनवू का? की ते वेगळं प्रकरण आहे?

कुठून सुरुवात करावी ते सांगा.

जुना_सिसॲडमिन

आधी ती की. बाकीचं सगळं त्यानंतर.

आयएएममध्ये त्या युजरवर जाऊन बघा, की शेवटची कधी, कुठल्या सर्व्हिसवर आणि कुठल्या रीजनमध्ये वापरली ते तिथेच दिसतं. मग क्लाउडट्रेलच्या, म्हणजे कोणी काय केलं त्याच्या नोंदवहीच्या, इव्हेंट हिस्टरीत त्या की-चा आयडी टाकून शोधा, मागच्या ९० दिवसांचं मिळेल, प्रत्येक नोंदीत सोर्स आयपी आणि युजर एजंट असतो आणि त्यावरून बहुतेक वेळा कळतं की कुठल्या मशीनवरून, कुठल्या स्क्रिप्टमधून कॉल येतोय. एक गोची लक्षात ठेवा, एस३ (फाइली साठवायची सेवा) मधल्या फाइली वाचल्या-लिहिल्याच्या नोंदी डीफॉल्टला होतच नाहीत, त्या डेटा इव्हेंट म्हणून वेगळ्या चालू कराव्या लागतात आणि त्याचे पैसेही वेगळे. म्हणजे हिस्टरी रिकामी दिसली म्हणून की मेलेली आहे असं धरू नका. शेवटचा वापर कालचा आणि सर्व्हिस एस३ दिसत असेल तर तुमचा जॉब फाइलीच उचलत असणार.

सापडलं नाही तरी की डिलीट करू नका, इनॲक्टिव्ह करा. इनॲक्टिव्ह केलेली परत चालू करता येते, डिलीट केलेली नाही. दिवसाढवळ्या, सगळे जागेवर असताना करा, रात्री नको, कारण जो बोंबलेल तोच तुम्हाला सांगेल की की कुठे होती. जॉब रात्रीचा असेल तर तो दिवसा एकदा हाताने चालवून बघा.

आणि मग त्या जागी नवीन की बनवून लावू नका, तेच तर मोडायचंय. जॉब एडब्ल्यूएसच्या आतच चालत असेल, म्हणजे ईसी२ (भाड्याचं मशीन) किंवा लॅम्डा (सर्व्हर न सांभाळता चालणारा कोड) किंवा कंटेनरमध्ये, तर त्याला रोल, म्हणजे गरजेपुरती घ्यायची ओळख आणि तिच्या परवानग्या, जोडा. रोलला कायमची गुपितं नसतात, एसटीएस ही एडब्ल्यूएसची सेवा थोड्या वेळापुरती क्रेडेन्शियल्स (लॉगिनची गुपितं) देते आणि ती आपोआप बदलत राहतात. बिल्ड पाइपलाइन (कोड तपासून डिप्लॉय करणारी साखळी) बाहेर असेल, गिटहबवर वगैरे, तर ओआयडीसी फेडरेशन लावा, म्हणजे की न देता गिटहबच्या ओळखीवर आत घेणं, २०२१ पासून गिटहब ॲक्शन्समध्ये ते आहे. फक्त ट्रस्ट पॉलिसीत (रोल कोणाला घेता येईल ते ठरवणाऱ्या नियमात) "सब" ची अट घाला, म्हणजे कुठल्या रेपोला (कोडच्या साठ्याला) आणि त्यातल्या कुठल्या ब्रांचला हा रोल घेता येईल ते. नुसता ऑडियन्स (टोकन कोणासाठी आहे ते) तपासून सोडलेल्या ट्रस्ट पॉलिसी मी बऱ्याच पाहिल्यात, त्यात गिटहबवरच्या कुठल्याही परक्या रेपोला आत यायला दार उघडं राहतं.

तिसरी_शिफ्ट

वरचं सगळं बरोबर आहे पण क्रम मला पटला नाही. की एक आहे, ॲडमिन माणसं सगळीच आहेत. एकाचा लॅपटॉप गेला किंवा एक जण फिशिंगच्या लिंकवर फसला की खेळ खल्लास. २०१४ मध्ये कोड स्पेसेस नावाच्या कंपनीचं काय झालं ते वाचा, हल्लेखोराला त्यांच्या एडब्ल्यूएस कन्सोलचा ताबा मिळाला, त्याने मशीन, डिस्कचे स्नॅपशॉट, बकेट (एस३ मधले फाइलींचे डबे) सगळं उडवलं, आणि बॅकअपही त्याच अकाउंटमध्ये असल्यामुळे कंपनी बंदच पडली. चोरून कोणी डेटा विकला असंही नाही, नुसतं डिलीटचं बटण दाबत गेला.

त्यामुळे माझ्या मते पहिलं काम म्हणजे रूट युजरला (अकाउंटच्या मूळ मालक लॉगिनला) एमएफए, म्हणजे पासवर्डशिवाय आणखी एक पुरावा, त्याच्या की असतील तर त्या काढणं, आणि बॅकअपला वेगळं अकाउंट जिथे रोजच्या कामातलं कोणीच ॲडमिन नाही. हे व्हायला फार वेळ लागत नाही आणि डेव्हलपरांशी भांडणही होत नाही, कारण त्यांचं काही काढूनच घेतलेलं नाही. मग माणसांसाठी आयएएम युजर हा प्रकारच बंद करा, कंपनीच्या लॉगिनला आयएएम आयडेंटिटी सेंटर जोडा, म्हणजे माणूस नोकरी सोडून गेला की एका ठिकाणी बंद केला की सगळीकडून बंद.

सगळीकडून, पण लगेच नाही बरं का. त्याने आधीच घेतलेलं रोलचं सेशन मुदत संपेपर्यंत चालू राहतं, डीफॉल्ट १ तास असतं पण कोणीतरी सोय म्हणून १२ तासांपर्यंत वाढवून ठेवलेलं असतं. भांडून गेलेल्या माणसासाठी साध्या आयएएम रोलवरची जुनी सेशन्स रद्द करायचा पर्याय आहे, तो एक डिनाय पॉलिसी जोडतो जी अमुक वेळेच्या आधी निघालेल्या सगळ्या टोकनांना अडवते. हे बटण कुठे आहे ते आधीच बघून ठेवा.

जुना_सिसॲडमिन

@तिसरी_शिफ्ट रूटचं मान्य, ते की-च्याही आधी. बाकी आपण एकच सांगतोय.

पॉलिसीवाली

मला डेव्हलपरांच्या मुद्द्यावर बोलायचंय कारण गाडं तिथेच अडतं आणि तिथेच लोक स्वतःला फसवतात.

लोक काय करतात, ॲडमिन काढतात आणि "डेव्हलपर" नावाची पॉलिसी बनवतात ज्यात लॅम्डा बनवणं, ईसी२ चालू करणं, आणि पासरोल (सर्व्हिसला रोल चिकटवायचा हक्क) वर स्टार, म्हणजे कुठलाही रोल. झालं, हा माणूस ॲडमिनच आहे, फक्त दोन क्लिक लांब. तो लॅम्डा बनवणार, तिला आधीपासून पडून असलेला एखादा तगडा रोल चिकटवणार, आणि त्या कोडमधून जे हवं ते करणार. त्यामुळे यादी करताना "कोण काय करू शकतं" एवढंच बघून भागत नाही, "कोण स्वतःला किंवा दुसऱ्याला काय देऊ शकतं" हे आधी बघावं लागतं. पॉलिसी जोडणं, पॉलिसीची नवीन आवृत्ती बनवणं, रोलची ट्रस्ट पॉलिसी बदलणं, दुसऱ्याच्या नावाने की बनवणं, आणि पासरोल, या परवानग्या ज्याच्याकडे आहेत तो तुमच्या यादीत ॲडमिन म्हणूनच लिहा, त्याच्या रोलचं नाव काहीही असो. पासरोलमध्ये रिसोर्स म्हणून ठरावीक रोलच लिहा आणि कुठल्या सर्व्हिसला देता येईल तेही अटीत घाला.

गूगलवर हीच गंमत सर्व्हिस अकाउंटच्या (प्रोग्रामच्या नावावरच्या अकाउंटच्या) "ॲक्ट ॲज" परवानगीची. तिथे आणखी एक जुनं भूत आहे, कंप्यूट इंजिनचं (गूगलच्या भाड्याच्या मशीनांचं) डीफॉल्ट सर्व्हिस अकाउंट, त्याला पूर्वी आपोआप अख्ख्या प्रोजेक्टचा एडिटर रोल मिळायचा. मे २०२४ पासून बनलेल्या ऑर्गनायझेशनमध्ये ते डीफॉल्टला बंद आहे, पण तुमचं जुनं असेल तर आजच बघा. आणि गूगलवर वरून खाली वारसा चालतो, फोल्डरवर दिलेला रोल खालच्या प्रोजेक्टवर जाऊन काढता येत नाही, हे माहीत नसल्यामुळे लोक प्रोजेक्टच्या पानावर तासन्‌तास शोधत बसतात.

"डिप्लॉय कोण करणार" याचं उत्तर, पाइपलाइन करणार. डेव्हलपरला डेव्ह (प्रयोगाच्या) अकाउंटमध्ये भरपूर मोकळीक द्या, अगदी सढळ हाताने, आणि प्रॉडमध्ये, म्हणजे खऱ्या चालू सिस्टिमवर, वाचण्यापुरता ॲक्सेस, तोही क्लायंटचा डेटा सोडून, म्हणजे लॉग, मेट्रिक्स, कॉन्फिग. एडब्ल्यूएसची तयार रीड ओन्ली पॉलिसी आंधळेपणाने लावू नका, तिच्यात एस३ मधल्या फाइली वाचणंही येतं, आणि तुमच्या क्लायंटचा प्रश्न नेमका तोच आहे. रात्री काही फुटलं तर थोड्या वेळापुरता वरचा रोल मागून घ्यायची सोय ठेवा, कारण लिहायला लावा, त्याचा अलर्ट सगळ्या चॅनेलवर पडू द्या. मंजुरीसाठी कोणाला झोपेतून उठवावं लागत असेल तर ती सोय कोणी वापरणार नाही, वाट काढतील. माझं मत, रात्रीच्या वेळी मंजुरीची अट नको, नोंद आणि अलर्ट पुरे.

बिनपासवर्ड

पाइपलाइन करणार म्हणजे आता पाइपलाइन ॲडमिन झाली ना? मेन ब्रांचवर ज्याला मर्ज करता येतं, म्हणजे आपला बदल मूळ कोडमध्ये घालता येतो, तो प्रॉडचा मालक.

पॉलिसीवाली

@बिनपासवर्ड हो, झाली, आणि म्हणून त्या रेपोवर दुसऱ्याच्या रिव्ह्यूशिवाय मर्ज होणार नाही ही अट हवीच, आणि पाइपलाइनची स्वतःची फाइल बदलायला तर नक्कीच. पाइपलाइनच्या रोलला परमिशन बाउंडरी (परवानग्यांची कमाल मर्यादा) लावली तर ती जे नवीन रोल बनवते त्यांच्यावरही तीच बाउंडरी लावायची सक्ती करता येते. पण फरक बघा, आधी प्रत्येकाच्या लॅपटॉपवरून जाता येत होतं, आता एका वाटेने जावं लागतं आणि त्या वाटेवर नोंद राहते.

निळा_सर्व्हर

खूपच उपयोगी पडतंय हे सगळं, धन्यवाद. रूटला एमएफए होता, बॅकअप मात्र त्याच अकाउंटमध्ये निघाले, ते हलवतोय. की इनॲक्टिव्ह करून जॉब हाताने चालवला तर रिपोर्टिंगचा जॉब पडला, म्हणजे सापडली.

आता दोन शंका. एक, मी ऑर्गनायझेशनमध्ये एससीपी (अख्ख्या अकाउंटला लागू होणारी पॉलिसी) लावून बघितली, त्यात एस३ अलाऊ लिहिलं तरी त्या अकाउंटमधल्या रोलला ॲक्सेस मिळत नाहीये. दोन, बिगक्वेरीत एका ॲनालिस्टला डेटा व्ह्यूअर दिला, टेबल दिसतं पण क्वेरी चालवली की परवानगी नाही म्हणतं. मी काय चुकतोय?

तिसरी_शिफ्ट

चुकत नाहीये, नावं फसवी आहेत. एससीपी काही देत नाही, ती फक्त कमाल मर्यादा आखते. रोलच्या स्वतःच्या पॉलिसीतही अलाऊ हवं आणि एससीपीतही, दोन्हीकडे असेल तेवढंच मिळतं. एकूण हिशोब असा की कुठेही स्पष्ट डिनाय असेल तर विषय संपला, कोणीच काही बोललं नसेल तरी नाहीच, आणि अलाऊ असेल तर ते सगळ्या मर्यादांच्या आत बसायला हवं. दुसऱ्या अकाउंटमधून येत असाल तर दोन्ही बाजूंनी हो लागतो, रोलच्या बाजूने आणि बकेटच्या बाजूनेही. त्याच अकाउंटमध्ये असाल तर बकेटला साधारणपणे कुठल्याही एका बाजूचं पुरतं, पण केएमएसच्या (एनक्रिप्शनच्या किल्ल्या सांभाळणाऱ्या सेवेच्या) की-ला ते चालत नाही, तिथे की पॉलिसीने हो म्हणायलाच लागतं. म्हणून बकेट बरोबर दिसतं, पॉलिसी बरोबर दिसते आणि तरी ॲक्सेस डिनाइड येतं तेव्हा मी आधी एनक्रिप्शन की बघतो.

आणि हो, एससीपी मॅनेजमेंट अकाउंटला (ऑर्गनायझेशनच्या मुख्य अकाउंटला) लागू होत नाही. त्यामुळे तिथे कामाचं काहीच चालवायचं नसतं.

बिगक्वेरीत डेटा वाचणं आणि क्वेरीचा जॉब चालवणं या दोन वेगळ्या परवानग्या आहेत. डेटा व्ह्यूअर डेटासेटवर ठेवा आणि जॉब युजर ज्या प्रोजेक्टच्या बिलावर क्वेरी चालवायची त्या प्रोजेक्टवर द्या.

कोडकरीण

तिसऱ्या प्रश्नाला कोणी हातच लावला नाही म्हणून लिहितेय. क्लायंटच्या लोकांसाठी आयएएम युजर बनवू नका, प्लीज. एका अकाउंटमध्ये ५००० आयएएम युजरची मर्यादा आहे आणि ती वाढवून मिळत नाही, पण ते बाजूला ठेवलं तरी मूळ गोष्ट वेगळी आहे. आयएएमला तुमचं बकेट कळतं, तुमची टेबलं थोडीफार कळतात, "या क्लायंटच्या या शाखेचं हे बिल" हे कळत नाही. तुमच्या ॲपचा सर्व्हर डेटाबेसशी एकाच रोलने बोलतो, म्हणजे क्लाउडच्या नजरेत सगळे क्लायंट एकच. त्यांच्यातली भिंत तुमच्या कोडलाच उभारायची आहे.

आणि ही भिंत सगळ्यात जास्त गळते. ओवास्प या वेब सुरक्षेवरच्या संस्थेच्या २०२१ च्या टॉप १० मध्ये ब्रोकन ॲक्सेस कंट्रोल पहिल्या नंबरवर आहे, त्यात बऱ्याचदा काही हुशारी लागत नाही, यूआरएलमधला आकडा बदलला की दुसऱ्याचं बिल दिसतं, लॉगिन तपासलेलं असतं पण हे बिल याचं आहे का ते तपासायचं राहिलेलं असतं. प्रत्येक एंडपॉइंटमध्ये हाताने इफ लिहीत बसलात तर एक कुठेतरी राहणारच. टेनंटचा (म्हणजे क्लायंटचा) आयडी लॉगिनच्या टोकनमधून घ्या, रिक्वेस्टमधून कधीच नको, आणि तपासणी एका ठिकाणी ठेवा. पोस्टग्रेस डेटाबेस असेल तर रो लेव्हल सिक्युरिटी (आरएलएस, टेबलातल्या ओळीगणिक परवानगी) हा चांगला दुसरा अडसर आहे, ९.५ पासून आहे, पण तुमचं ॲप जर टेबलाच्या मालक युजरनेच जोडलं जात असेल तर त्या पॉलिसी त्याला लागूच होत नाहीत, फोर्स लावावं लागतं किंवा ॲपसाठी वेगळा युजर. हे न करता "आम्ही आरएलएस लावलंय" म्हणणारे भेटतात.

बघणारे आणि बदल करणारे एवढंच असेल तर साधे रोल पुरतात, डोकं लावू नका. उद्या ते म्हणतील की शाखेच्या मॅनेजरला फक्त त्याच्या शाखेचं, आणि ऑडिटरला सगळ्या शाखांचं पण फक्त मागच्या वर्षीचं, तेव्हा प्रत्येक जोडीला एक रोल बनवत गेलात तर रोल माणसांपेक्षा जास्त होतात. तिथे गुणधर्म बघून ठरवणारे नियम बरे, ओपीए किंवा सीडारसारखं काहीतरी, नियम कोडबाहेर राहतात आणि त्यांच्या टेस्ट लिहिता येतात. आणि शेअरिंगचं जाळं असेल, म्हणजे याने फोल्डर त्याला दिलं, त्या फोल्डरमध्ये आणखी फाइल, असं, तर गूगलने २०१९ मध्ये झांझिबार या परवानग्यांच्या व्यवस्थेवर पेपर काढला होता त्या धर्तीवरची ओपनएफजीए किंवा स्पाइसडीबी बघा. तुम्हाला आत्ता यातलं काहीच लागणार नाही असं मला वाटतं.

बिनपासवर्ड

गुणधर्मांवरून आठवलं, एडब्ल्यूएसमध्येही टॅगवर परवानगी देता येते, माणसाचा टॅग आणि रिसोर्सचा टॅग जुळला तर आत. दिसायला फार देखणं आहे, पण टॅग बदलायचा हक्क ज्याच्याकडे आहे तो स्वतःलाच किल्ली देऊ शकतो. टॅगिंगच्या परवानग्याही तेवढ्याच आवळा.

शिवाय मेटाडेटा सर्व्हिसचं (आयएमडीएस, मशीनला तिच्या रोलची क्रेडेन्शियल्स देणारी) कोणी म्हटलं नाही. २०१९ मध्ये कॅपिटल वनचा डेटा गेला तो असाच, चुकीचं कॉन्फिग केलेल्या वेब फायरवॉलला फसवून मशीनच्या रोलची क्रेडेन्शियल्स काढली आणि त्या रोलला बकेटांची यादी करायची आणि वाचायची परवानगी होती, अमेरिकेतल्या सुमारे १० कोटी आणि कॅनडातल्या ६० लाख लोकांची माहिती गेली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये आयएमडीएसची दुसरी आवृत्ती आली, तिच्यात आधी टोकन मागून घ्यावं लागतं त्यामुळे असली साधी फसवणूक चालत नाही. जुन्या मशीनवर पहिली आवृत्ती अजून चालू असते, ती बंद करा. म्हणजे रोल लावला की सुटलो असं नाही, रोल हडकुळाच हवा.

निळा_सर्व्हर

हडकुळा करायचा कसा हाच शेवटचा प्रश्न. रिपोर्टिंग जॉबला रोल लावलाय पण सध्या त्याला एस३ पूर्ण दिलंय. ॲक्सेस ॲनालायझर म्हणे लॉग बघून पॉलिसी बनवून देतो, तीच उचलून लावू का?

पॉलिसीवाली

कच्चा मसुदा म्हणून घ्या, जशीच्या तशी लावू नका. तो क्लाउडट्रेलचे जास्तीत जास्त ९० दिवस बघतो, त्यामुळे वर्षाअखेरीस एकदाच चालणारा जॉब त्यात नसणार आणि तो बरोब्बर वर्षाअखेरीस पडणार. एस३ च्या फाइली वाचणं वगैरे डेटा इव्हेंटमधल्या ॲक्शन तो धरत नाही, म्हणजे तुमच्या जॉबला जे सगळ्यात जास्त लागतं तेच पॉलिसीत येणार नाही, ते हाताने लिहा, कुठल्या बकेटचा कुठला प्रीफिक्स (फाइलनावाची सुरुवात) तेही. आणि पासरोलची नोंद क्लाउडट्रेलमध्ये होतच नाही, त्यामुळे पाइपलाइनच्या रोलसाठी हे वापरलंत तर पॉलिसी छान दिसेल आणि पहिलाच डिप्लॉय पडेल.

रिपोर्टिंगच्या जॉबला एका बकेटमधून वाचणं, दुसऱ्यात लिहिणं, त्या बकेटची यादी करणं आणि एनक्रिप्शन असेल तर त्या की-ने डिक्रिप्ट आणि डेटा की बनवणं, एवढंच लागेल. ते लिहा, आधी डेव्हमध्ये चालवा. यादी करण्याची परवानगी बकेटवर असते आणि वाचण्याची आतल्या फाइलींवर, म्हणजे रिसोर्सच्या शेवटी स्लॅश आणि स्टार, या दोन्हींत लोक नेहमी घोळ घालतात. ॲक्सेस डिनाइड आलं तर मेसेज पूर्ण वाचा, कुठल्या प्रकारच्या पॉलिसीने अडवलं ते आता त्यात बऱ्याचदा लिहिलेलं असतं. आणि परत एस३ पूर्ण देऊन "नंतर बघू" करू नका, क्लायंटची यादी त्याच रोलपाशी अडकेल.